देवघळीला जायचं तर आधी तिथी बघा

विचारणारे लातूरचे आहेत. आई-वडील, बायको, दोन लेकरं आणि भावाचं कुटुंब, अशी नऊ-दहा माणसं येळवस (वेळ अमावस्या) झाली की दुसऱ्याच दिवशी कोकणात निघणार. गणपतीपुळ्याची गर्दी नको. राजापूर तालुक्यातल्या कशेळीची देवघळी मोबाइलवर बघितली, दोन कड्यांच्या मधे जराशी वाळू आणि वर सगळा आडरान सडा, म्हणजे कातळाचं माळरान, आणि तिथंच जायचं असं घरात ठरलं. प्रश्न तीन: खाली उतरता येईल का, लेकरांना पाण्यात सोडता येईल का, आणि किती वेळ हाताशी ठेवावा?

मी लातुरातूनच माणसं घेऊन कोकणात जातो, पोटापाण्याचा धंदाच तो. म्हणून आधी थेट सांगतो. जरूर जा, पण येळवशीला लागून जाऊ नका. सात-आठ दिवस थांबा. वडीलधारी वरूनच बघतील, धडधाकट माणसं खाली उतरतील, आणि लेकरांना तिथं पाण्यात सोडायचं नाही. आता का ते सांगतो.

आपल्याकडं समुद्र म्हटलं की कायम एकाच जागी असलेलं पाणी डोळ्यापुढं येतं, मांजरा धरणासारखं. गुहागर किंवा मुरूडसारख्या लांबलचक पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तसं समजून गेलं तरी फार बिघडत नाही. पाणी आत असो की बाहेर, उभं राहायला जागा असते. छोट्या घळीतल्या किनाऱ्याचं तसं नाही. तिन्ही बाजूंनी कातळ, पुढं समुद्र, आणि वाळू म्हणजे ओहोटीनं थोडा वेळ मोकळी केलेली जागा. उधाणाच्या भरतीला ती बरीचशी पाण्याखाली जाते. त्यामुळं सुट्टी कधी आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न त्या दिवशी तिथी कोणती हा.

दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून वेळ रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढं सरकते. कोकणातली जुनी माणसं घड्याळाऐवजी पंचांगावर हिशेब करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती भरली आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. हा आडाखा मुंबई-रायगडकडं नीट बसतो. भरतीची वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत जाते, म्हणून रत्नागिरी-राजापूरला जवळपास तासभर आधीचा धरावा. पक्की वेळ मोबाइलवर मिळते, फक्त बंदर निवडताना रत्नागिरी निवडा. बरेच जण मुंबईची वेळ बघून येतात आणि तासाभराचा घोळ करून बसतात.

तुमच्या बेताला हे लावून बघा. येळवस म्हणजे अमावस्या. प्रतिपदेला सकाळी निघालात, रात्री रत्नागिरी किंवा पावसला मुक्काम, द्वितीयेला आवरून, नाश्ता करून, वाटेत थांबत थांबत देवघळीवर पोचायला साडेअकरा-बारा. दोनाची पाऊणपट दीड, त्यातून तासभर वजा, म्हणजे साडेबाराला पूर्ण भरती. तीही उधाणाची, कारण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. रत्नागिरीकडं तो कमी, अडीच मीटरच्या आसपास. पण अडीच मीटर म्हणजे घराच्या दारापेक्षा उंच पाणी. इवल्या घळीत त्याला पसरायला जागा कुठं आहे?

आता तेच सप्तमी-अष्टमीला बघा. आठाची पाऊणपट सहा, त्यातून एक तास वजा, म्हणजे भरती पहाटे पाचला आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पूर्ण ओहोटी अकरा-सव्वाअकराला, अगदी फिरायच्या वेळेला. शिवाय अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. वाळू उधाणातल्या ओहोटीइतकी लांबवर उघडी पडत नाही, पण पाणी अंगावर धावून येत नाही. साडेनऊला उतरा, साडेबाराच्या आत वर या. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं सकाळी कड्याची सावलीही मिळते. ऊन डोक्यावर येईपर्यंत तुमचं बघून झालेलं असेल.

रजाच मिळत नसेल आणि द्वितीयेलाच जाणं भाग असेल, तर एक वाट आहे. पहाटे सव्वासहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण असते. उजाडताच, सातच्या आसपास उतरायचं आणि साडेआठला वर. संध्याकाळीही ओहोटी असते म्हणून सूर्यास्ताला खाली थांबायचा मोह होतो, तो टाळा. सूर्य बुडाल्यावर त्या वाटेनं वर चढणं धोक्याचं, आणि वरून दिसणारा सूर्यास्त खालच्यापेक्षा चांगला असतो.

खाली पोचल्यावर घड्याळ बाजूला ठेवून दोन गोष्टी बघा. एक, कातळावर पांढऱ्या, खरखरीत कवचांचा थर कुठपर्यंत चढलाय ते. तो हाताला करवतीसारखा लागतो. जिथं हा थर संपतो, तिथपर्यंत पाणी नेमानं येतं. तो तुमच्या डोक्याच्या वर असेल तर आपण कुठं उभे आहोत ते समजून घ्या. दुसरी, वाळूवरची कचऱ्याची रेघ: वाळलेलं शेवाळ, काटक्या, नारळाची सोडणं, बाटल्यांची बुचं. मागच्या भरतीनं ते तिथं आणून टाकलेलं असतं. ही रेघ कड्याच्या पायथ्याला टेकलेली असेल तर भरतीला इथं कोरडी जागा उरत नाही, दुसरा पुरावा नको. रेघेच्या खाली ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. बारकी खेकडी वाळू तोंडात घालून, त्यातलं खाणं काढून घेऊन गोळ्या बाहेर टाकतात. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते आणि ओहोटीला पुन्हा नव्यानं सुरू. लेकरं याच्यात तासभर रमतात, पाण्याची आठवणही काढत नाहीत.

पाण्याबद्दल मात्र मी कठोर आहे. आपल्याकडचे पुरुष विहिरीत पोहायला शिकलेले, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. पोहणं येतं, दम असतो, आणि तोच दम समुद्रात घात करतो. विहिरीतलं पाणी तुम्हाला कुठं ओढून नेत नाही. किनाऱ्यावर लाटांनी आत ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका पट्ट्यातून जोरात मागं फिरतं. तो पट्टा ओळखायची खूण फसवी आहे. दोन्हीकडं लाटा फुटतात आणि मधे शांत, जरा गडद पाणी दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथं उतरतो. लांब पुळणीवर अशा ओढीत सापडलं तर तिच्याशी झुंजायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. घळीत बाजूला काय आहे? कातळ, आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. ओढसुद्धा बऱ्याचदा त्या कातळाच्या कडेनंच बाहेर जाते. म्हणजे सुटकेची जी रीत सगळीकडं शिकवतात ती इथं नीट चालत नाही. त्यात खारं पाणी अंगाला जास्त उचलून धरतं, त्यामुळं पहिल्या दोन मिनिटांत वाटतं की आपल्याला इथं जास्तच छान पोहता येतंय.

२०१६ च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. तो तर मोठा, सपाट, नेहमीच्या वर्दळीचा किनारा. देवघळीसारख्या ठिकाणी जीवरक्षक नसतो, आरडाओरडा वर ऐकू जात नाही, फोनला रेंज असेलच असं नाही. म्हणून मोठ्यांनी गुडघ्याच्या खाली आणि लेकरांनी हात धरून घोट्यापर्यंत, यापुढं मी कुणाला जाऊ देत नाही. कुणी रुसलं तर रुसू द्या. लेकरांची हौस पुरी करायची असेल तर परतताना रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या सपाट पुळणीवर करा, फक्त खाडीच्या तोंडापासून चांगलं लांब आणि तिथंही गुडघ्यापर्यंतच.

आईंना समुद्राची ओटी भरायची असणार, आपल्याकडच्या बायकांना ती असतेच. देवघळीत नका भरू, भाट्याला भरा. तिथंही समुद्राकडं पाठ करून वाकायचं नाही. लुगडं एकदा भिजलं की वजन दुप्पट होतं आणि परतणारी लाट ते धरून ओढते, म्हणून शेजारी एकानं उभं राहायचं. नारळ आणि फुलं वाहायची, प्लास्टिकची पिशवी आणि ब्लाउजपीसचं वेष्टन परत आणायचं.

उतरण्याबद्दल. वरचा सडा जांभ्याचा आहे. तुम्ही औशाकडून खरोशाची लेणी बघितली असतील तर हा दगड तुम्हाला ओळखीचा आहे, तीच जात. खरोशाच्या मूर्ती पावसानं कशा झिजल्यात ते आठवा आणि तसा दगड कड्याच्या टोकाला, खालून लाटांनी पोखरलेला, असा विचार करा. काठावर जाऊन फोटो काढणारे मला बघवत नाहीत. काठापासून दोन-तीन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवा. खाली उतरल्यावरही कड्याच्या अगदी पोटाखाली सावली बघून जेवायला बसू नका, वरून ढेकळं सुटतात.

खालचा काळा कातळ म्हणजे आपल्या काळ्या मातीच्या खाली आहे तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कोरडा असताना पाय छान धरतो. हिरवट शेवाळ असलेल्या ठिकाणी उभंसुद्धा राहू नये. उतार अंगावर येणारा आहे, सुट्या दगडांवरून पाय घसरतो. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना उतरवू नका. त्यांना वर बसवा, सोबत एक मोठं माणूस ठेवा, आळीपाळीनं खाली जा. खरं सांगायचं तर देवघळी वरूनच जास्त देखणी आहे, मोबाइलवर तुम्ही जे बघितलं ते वरूनच काढलेलं होतं. पायांत मागं पट्टा असलेल्या चपला हव्यात. अनवाणी कातळावर गेलं की कालवं तळपाय चिरतात, आणि मिठाच्या पाण्यात ती चीर दिवसभर ठणकते.

आणि एक गोष्ट तरणी पोरं हटकून करतात: कातळावरून चालत कोपऱ्यापलीकडं काय आहे ते बघायला जाणं. ओहोटीला वाट मोकळी असते, पलीकडं आणखी सुंदर घळ दिसते, तिथं बसतात, आणि परत फिरेपर्यंत मधली वाट पाण्यात गेलेली असते. मग कड्यावर चढायला जातात, आणि जांभा हातात निघून येतो. कोपरा ओलांडायचा नाही, एवढा एकच नियम पोरांना द्या, बाकीचं त्यांच्या ध्यानात राहणार नाही. त्यातूनही काही अडलंच तर रेंज असेल तिथं ११२ चालतो, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. हे तिन्ही आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

लाटांचा अंदाजही आदल्या दिवशी बघायचा. वारा पडलेला, आकाश निरभ्र, तरीही मोठ्या लाटा येऊ शकतात. त्या हजारो किलोमीटर लांब, दक्षिणेच्या समुद्रातल्या वादळांनी उठवलेल्या असतात. त्याचा इशारा इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था देते, आणि ती आहे हैदराबादेत. समुद्र नसलेल्या गावातून समुद्राचं भाकीत येतं म्हटल्यावर आपणही त्यात अगदीच परके नाही. इशारा नसला तरी उतरल्याबरोबर पुढं जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा सारख्या येत नाहीत. बऱ्याच बारक्या येतात आणि मग तीन-चार दांडग्या. त्या दांडग्या कुठपर्यंत पोचल्या ते बघायचं आणि त्याच्या बरंच मागं आपलं सामान ठेवायचं.

हंगामाचं थोडक्यात. जूनपासून गणपती-दसऱ्यापर्यंत खाली उतरायचं नावच काढू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते होड्या ओढून ठेवतात. त्या दिवसांत वरून मात्र बघण्यासारखं असतं, सडा हिरवागार आणि खाली नुसता फेस. दिवाळी ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मार्चनंतर सडा तापतो. तिकडचं ऊन आपल्यापेक्षा कमी पण घाम दुप्पट, सावलीला झाड नाही.

रस्ता सोपा आहे. औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून साखरपा, पाली, रत्नागिरी. पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर होतं. म्हाताऱ्या माणसांसोबत एका दमात करू नका, कोल्हापूरला थांबा, अंबाबाईचं दर्शनही होतं. घाटात आपल्या सपाट मुलखातल्या निम्म्या माणसांना मळमळतं, त्यांना पुढच्या सीटवर घ्या आणि घाटाआधी पोटभर खाऊ देऊ नका. रत्नागिरीहून पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी करत कशेळी, चाळीसेक किलोमीटर. रस्ता अरुंद आणि वळणांचा, त्यामुळं सव्वा-दीड तास धरा.

कशेळीत नुसती देवघळी बघून परत फिरू नका. गावात कनकादित्याचं मंदिर आहे, सूर्याचं. आपल्या राज्यात सूर्यमंदिरं बोटांवर मोजण्याइतकी. जुन्या कथेप्रमाणे ही मूर्ती सौराष्ट्रातून जहाजानं आली, जहाज इथं अडलं आणि मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली गेली, तीच देवघळी. कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला आणि देवाला तिचं नाव लागलं. कथा कथेच्या जागी, पण गाव जुनं आहे हे नक्की. शिलाहार राजा दुसरा भोज याचा इ. स. ११९१ चा कशेळीचा ताम्रपट आहे. देवळाचं कोरीव लाकूडकाम आईंना दाखवा. रथसप्तमीला इथं मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत जाणार असाल तर मुक्कामाची सोय आधीच करा.

गावाच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, अठरा मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, त्यात कशेळी आहे. गावातल्या माणसाला सोबत घ्या, नाहीतर हत्तीवर उभं राहून हत्ती कुठाय म्हणून विचाराल. चित्रावर चालायचं नाही.

तुमच्या घरात माळकरी असतील तर मुक्कामाच्या घरी आधी फोन करून सांगा. शाकाहारी जेवण उत्तम मिळतं, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी. फक्त ज्वारीच्या भाकरीची आशा सोडा. वडिलांना भातावर चैन पडत नसेल तर दशम्या आणि ठेचा बांधून न्या, तीन दिवस टिकतात. सड्यावर खायला-प्यायला काही मिळेल असं धरून चालू नका. माणशी दोन लिटर पाणी वरच गाडीतून घ्या. बायकांची सोय कड्यावर किंवा खाली नाही, देवळापाशी सगळं उरकून मगच पुढं निघा.

रात्री खाली तंबू टाकायचा विचार भावानं केला असेल तर त्याला पहाटे पाचची भरती सांगा. गाडी मोठी असेल तर सड्यावर परत वळवायला जागा बघूनच पुढं घाला आणि तोंड गावाकडं करून लावा. दुपारी एकला निघालात तर पावसला जेवून चारला भाट्याला पोचता. अष्टमीला त्या वेळी भरती चढत असते, तेव्हा लेकरांवर एका मोठ्या माणसाची नजर तिथंही ठेवा.